खालच्या थरातली तन्वी

शुक्रवार, जेवणाआधी

कुकर लावलाय, तेवढ्यात लिहून घेते. शांती नगरात पोरींचा दहीहंडीचा सराव चालू होता. त्यांना टी-शर्ट देणारे दुकानदार काका आज टी-शर्टसोबत एनर्जी ड्रिंकचे क्रेटही घेऊन आले. मीच कॅन बर्फात घालायला निघाले होते. आमच्या तन्वीने त्यातला एक उचलला, माझा चष्मा भिंगासारखा धरला आणि त्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. लहान मुलांसाठी नाही.

काका हसले. "अरे बेटा, सब पीते हैं. ताकत आएगी."

"अंकल, सबसे ऊपर चढनेवाली नौवीं में है. उसकी धडकन बढ गयी तो? ले जाइए."

काका क्रेटही घेऊन गेले आणि टी-शर्टही. वाटलं, आता पोरी हिच्यावर चिडणार. पण एकीने गुपचूप कोकम सरबताचा जग पुढे केला आणि थर लागले.

एवढी बारीक अक्षरं. मी तरी कधी वाचली असती का?

तन्वी कायम सगळ्यात खालच्या थरात, मान खाली घालून. वरच्या पोरीचे फोटो निघतात, हिचं तोंड कुणालाच दिसत नाही.

आज सगळ्यांना दिसलं.