घरच्या ॲडमिनला न कळता

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त निम्माच घातला आहे, उरलेला भेटीत घालीन.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे. मीही बरा आहे असं तीच सांगते, आणि या घरात तिने सांगितलेलं खरं धरायची पद्धत आहे.

पत्राचं कारण जरा नाजूक आहे. पुढच्या महिन्यात तिला साठ पूर्ण होतात. मी आणलेली प्रत्येक वस्तू ती दुकानात जाऊन बदलून आणते, म्हणून या वेळी बदलता येणार नाही असं काहीतरी द्यायचं मी ठरवलं. आणि कपाटात चष्मा शोधताना सासूबाईंची ती कॅसेट हाती लागली. लग्नानंतर आम्ही एवढ्या लांब आलो, त्यांचा हात लिहायला चालेना, तेव्हा त्यांनी बोलून पाठवलेली. आमचा टेप बिघडून इतकी वर्षं झाली की हिने आईचा आवाज शेवटचा कधी ऐकला, कोण जाणे. तो कॉम्प्युटरवर उतरवायचा आणि वाढदिवसाला सकाळी तिला ऐकवायचा, असा बेत. रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडून टेप उसना आणला, एक सॉफ्टवेअर शोधलं आणि ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर आलं, हे इन्स्टॉल करायला ॲडमिनची परवानगी लागेल.

दादा, आमच्या घरचा ॲडमिन म्हणजे तुमची बहीण. कॉम्प्युटर जोडायला आलेल्या माणसाने विचारलं होतं की घरातलं जबाबदार माणूस कोण, आणि मी स्वतः, कुणी न सांगता, तिच्याकडे बोट दाखवलं. (सवय. दुसरं काय.) त्याने सगळे अधिकार तिला दिले आणि मला साधा वापरकर्ता केलं. मी पत्ते खेळू शकतो, बातम्या वाचू शकतो. नवीन काही बसवायचं तर तिला विचारायचं. फ्रीजच्या बाबतीतही हेच आहे, पण फ्रीज निदान तसं लेखी कळवत नाही.

तिलाच पासवर्ड विचारावा तर गुपित फुटणार. म्हणून अंदाजाने घालून बघितले. पहिलं माझं नाव. (हसू नका.) मग तुमचं, मग सासूबाईंचं. मग लग्नाची तारीख; ती मला नक्की आठवत नसल्यामुळे आसपासच्या बऱ्याच तारखा घालाव्या लागल्या. शेवटी कॉम्प्युटरच वैतागला आणि जरा वेळाने या म्हणाला. तेवढ्यात 'परवानगी मागा' असं एक बटण दिसलं. ते दाबून काहीच होत नाही, म्हणून मी ते जाता-येता दाबत असतो. परवानगी कोणाकडे मागितली जाते, देव जाणे.

मग रेडिओवाल्याने अक्कल दिली की काही सॉफ्टवेअर इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालतात, कुणाच्या बापाला विचारावं लागत नाही. तसं एक त्याने दिलं. चाललं! फक्त त्यातली सगळी अक्षरं कुठल्या मुलखातली होती ते कळेना. लाल बटण दाबलं. आवाज स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून टेप वायरने कॉम्प्युटरला जोडला होता. पूर्ण बाजू संपेपर्यंत मी हाताची घडी घालून, शहाण्यासारखा बसलो. मग ऐकून बघितलं. कुकरच्या शिट्ट्या, माझं खोकणं, 'कुणाशी बोलताय?' असा हिचा प्रश्न, आणि 'बातम्या लावल्यात' असं माझं उत्तर. सासूबाई कुठेच नाहीत. वायर भलत्याच भोकात होती.

एवढ्यात हिची पावलं वाजली. मी घाईघाईने कॅसेट मागे फिरवायला गेलो आणि टेपने फीत गिळली. ओढून काढली तर हातात नुसता गुंता. दादा, खोटं कशाला सांगू, त्या माउलीचा आवाज एवढाच उरला होता, आणि मी शहाणपणा करायला गेलो. आता हिला कोणत्या तोंडाने सांगू?

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
साधा वापरकर्ता

ता. क. : सासूबाईंनी तुम्हालाही कधी अशी कॅसेट पाठवली होती का? असेल तर पाठवा, पाया पडतो. (पूर्ण.)

ता. क. २ : फीत पेन्सिलीने गुंडाळून, तुटली तिथे चिकटवली आहे. तेव्हा वर लिहिलेलं सगळं फार मनावर घेऊ नका. आज पुन्हा बसतो.

ता. क. ३ : दादा, मी लिहितेय. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि आत बघू नकोस म्हणाले, म्हणून बघितलं. ते बटण दाबलं की अर्ज माझ्या फोनवर येतो. रोज येतात, भाजी निवडताना, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे. ह्यांना काय हवंय ते कळेना, म्हणून मी आपली 'नाही' दाबत होते. आज कळलं, आणि मेली मी पाकीट हातात धरून रडत बसले. तू काही पाठवू नकोस. आईची ती कॅसेट मी मागेच दुकानात देऊन उतरवून घेतली आहे, माझ्या फोल्डरमध्ये आहे. ह्यांना तो उघडत नाही. मन भरून आलं की ऐकते. त्यात आई शेवटी म्हणते, 'जावई लाख माणूस आहे, पण यंत्राला हात लावू देऊ नकोस.' तर दादा, आत्ता हे लिहितानाच पुन्हा अर्ज आला. आयुष्यात पहिल्यांदा आईचं ऐकलं नाही, 'हो' दाबलं. आतून हाक येतेय, 'अगं, स्क्रीन काळी झाली!'