तो मेसेज खरा होता

प्रिय अपेक्षा,

उदगीरला जाऊन तुला दोन महिने झाले. मावशीच्या फोनवर माझं नाव दिसलं की तू उठून बाहेर जातेस, हे तिनेच सांगितलं. म्हणून कागद घेतला.

इकडे ठीक आहे. बाबांची चाकणची शिफ्ट पुन्हा बदलली, त्यामुळे कुरकुर चालू आहे. माझं हिंजवडीचं हाऊसकीपिंगचं काम तसंच. हसशील, पण मी दर रविवारी पिंपळे गुरवच्या समाजमंदिरात मोबाइल शिकायला जाते. विजयश्री मॅडम शिकवतात. आपल्या घरमालकीण मंजुळाबाई सत्तरीच्या, पण त्याही येतात. “नातवंडं फोन दावून मला येड्यात काढत्यात, म्हनून आली हाय,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

माझा फोन साधा, म्हणून तुझाच नेते. जूनमध्ये तुझ्या हातातून हिसकावून मी पेटीत कुलूपबंद केला, तोच. प्रवेशाचा मेसेज यायचाय, असं तू रडून सांगत होतीस. मला ते निमित्त वाटलं. कुणा मुलाशी बोलतेस असं मनाने घेतलं होतं, आणि एकदा मनाने घेतलं की मी कुणाचं ऐकत नाही, हे तुला माहीत आहे.

तिसऱ्या रविवारी मॅडमनी खरे आणि फसवे मेसेज ओळखायला शिकवलं. प्रत्येकीने एकेक मेसेज दाखवायचा होता. मंजुळाबाईंचा लॉटरीचा खोटा निघाला, सगळ्या हसल्या. माझा तुझ्या नर्सिंगच्या जागेचा होता. चार दिवसांत होकार कळवा, नाहीतर जागा जाईल, आणि ते चार दिवस केव्हाच उलटून गेले होते. हाही खोटा निघू दे, असं मी देवाला विनवत होते. मॅडमनी दोनदा तपासला आणि खरा आहे म्हणाल्या. मला तिथेच रडू आलं. जागा मी घालवली, अपेक्षा. बाबांनाही तसंच सांगितलं. बाकीचे मेसेज वाचायची इच्छा झाली, खोटं कशाला बोलू, पण वाचले नाहीत.

आता उरलेल्या जागांची फेरी निघाली आहे. शनिवार शेवटचा दिवस. मॅडम म्हणाल्या, इथूनच भरून टाकू. मी नको म्हटलं. फॉर्म तुझा आहे, तूच भर. रणजीतमामा उद्या तिकडे निघालाय, त्याच्याकडे हे पत्र, फोन आणि चार्जर देतेय. माझ्यावर रागव हवं तेवढं, पण शनिवार चुकवू नकोस. आणि फोन उघडायचा तुझा पॅटर्न मला माहीत आहे, तू बोट फिरवताना चोरून पाहिला होता. तो बदल. नवा मला सांगू नकोस.

तुझीच,
आई