लिंबू बांधलेला प्रेस

चि. सई,

तुझी तब्येत बरी ना? जावईबापूंचं पित्त? धाकटीचा खोकला? इकडे मामीचे गुडघे कुरकुरतात, मी ठणठणीत. माझ्यासोबत कामाला असलेल्या ज्ञानेशची तीन बोटं मात्र गेली ती गेलीच.

तुझी आई तापाने फणफणत होती, तेव्हा बुवा लिंबं उतरवत बसला आणि दवाखाना राहिला. तेव्हापासून लिंबू दिसलं की तुझं डोकं फिरतं. माझीही ती बहीणच. म्हणून खंडेनवमीला आमच्या भोसरीच्या वर्कशॉपात येऊन तू ‘यंत्राला लिंबू बांधणारे अडाणी’ छापलंस, तरी मला राग आला नाही. पण विचारायचं होतंस गं. लिंबू एकाच यंत्राला होतं, पत्रा दाबायच्या प्रेसला; तो बिघडून आपोआप खाली यायचा. आम्ही लावलेली ‘बंद’ची पाटी सुपरवायझर काढायचा, लिंबाला हात लावायला मात्र भ्यायचा, म्हणून खूण लिंबाची. तुझ्या बातमीने मालक लाजला, लिंबू फेकलं आणि तिथे ज्ञानेशला उभं केलं.

तू परत आलीस, त्याच्या बायकोजवळ बसलीस, ‘मी न विचारता लिहिलं’ असं नावानिशी छापलंस. एवढं कोण करतं? ज्ञानेश म्हणाला, “मामा, भाचीसाठी टाळी वाजवली असती, पर आता वाजत न्हाई.”

तुझं ते छापलेलं वाचून मालकाने दुरुस्ती नाही केली. सगळ्याच प्रेसना लिंबं बांधली. आता नव्या माणसाला बिघडलेला कुठला, कळत नाही.

पाकीट तयार आहे, पोस्टात टाकवत नाही. तू आत्ता कुठे नीट जेवायला लागलीस. तरी वाटतं, अजून एकदा यावंस. कधी येतेस, लवकर लिही.

तुझा,
एकनाथमामा