दामिनी लाजते आहे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ६.१०
काल लग्न झालं. वय पंचेचाळीस, लग्न दुसरं, उत्साह पहिला. पहिली बायको शोभा जाऊन आठ वर्षं झाली. दामिनी एकोणचाळीसची, धसईची. पहिल्या नवऱ्याशी काडीमोड झाल्यापासून अकरा वर्षं भावाकडे राहून ब्लाउज शिवत होती. बाईजाआत्याने जुळवलं.
संकल्प: नव्या संसाराची नोंद ठेवायची. मुरबाडच्या शाळेत वीस वर्षं प्रयोगशाळा असिस्टंट आहे. निरीक्षण आणि अनुमान हा माझा हातखंडा.
पाहुणे गेल्यावर दामिनीने सांगितलं की तिला वेळ हवा आहे. ती खाली चटईवर झोपणार, मी पलंगावर. मनाची तयारी झाली की ती स्वतःहून सांगेल. तोवर जवळ यायचं नाही.
अनुमान: लाजते आहे. दोन दिवस, फार तर तीन.

५ फेब्रुवारी, बुधवार
तीन दिवस झाले. लाजते आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारची सुट्टी
शाळेचा शिपाई भगीरथ याचा सल्ला घेतला. तो म्हणतो बायकांचं नाही म्हणजे हो असतं, आपण पुढे व्हायचं. पंचवीस वर्षांचा संसार आहे त्याचा. बायको गेल्या दिवाळीपासून माहेरी आहे, पण तो वेगळा विषय.
स्टँडसमोरून सेंट आणि हेअर डाय घेतला.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ
डाय केसांपेक्षा कपाळाला जास्त लागला. दामिनी पहिल्यांदा मोकळी हसली. योग्य क्षण ओळखून, ती भाकरी थापत असताना, पाठीमागून जाऊन मिठी मारली. ती केवढी दचकली! तवा पडला, भाकरी चुलीत गेली. भिंतीला टेकून बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "मागनं येऊन कुणी धरलं का माझा जीव जातो. परत करू नका."
सॉरी म्हटलं. मनापासून म्हटलं.
संकल्प: यापुढे समोरून.

९ फेब्रुवारी, रविवार
समोरून गेलो. समोरूनही नाही म्हणाली. प्रश्न दिशेचा नसावा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आज प्रेमाचा दिवस. मोगऱ्याचा गजरा आणला. तिने तो माळला आणि ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. मोठी प्रगती.
पहिल्या नवऱ्याबद्दल बोलली. तो कधी विचारायचा नाही. तिने नको म्हटलं तर आठ-आठ दिवस बोलायचा नाही, ताटावरून उठायचा. शेवटी घरात शांतता राहावी म्हणून ती नको म्हणायचंच विसरली.
ऐकून फार वाईट वाटलं. काय माणसं असतात! नशीब तिचं, आता मी आहे. धीर द्यायला म्हणून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो उचलून माझ्याच गुडघ्यावर ठेवला.
अनुमान: हात जड वाटला असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार
दोन आठवडे झाले. आता मीच बोलणार नाही. कळू दे. हा राग नाही, प्रयोग आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
अबोला, दिवस तिसरा. कालवण उत्तम झालं होतं, तरी अर्ध्या जेवणातून उठलो. नंतर शाळेत वडापाव खाल्ला. दोन खाल्ले.
दामिनी गप्प झाली आहे. मशीनही जपून चालवते, आवाज होऊ नये अशी. परिणाम दिसू लागला.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सायंकाळी ५
घडलं ते जसंच्या तसं लिहितो. म्हणजे शक्य तितकं.
शाळेच्या हॉलमध्ये आज विवाहित जोडप्यांसाठी कार्यक्रम होता. कुणाली मॅडम नावाच्या तरुण समुपदेशक आल्या होत्या. प्रोजेक्टर माझ्याकडे. दामिनीही आली, बायकांच्या बाजूला बसली. विषय होता संमती. मॅडमनी छान सांगितलं. नवरा-बायको असले तरी दरवेळी विचारायचं, एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो नसतं, दबावाने मिळालेला होकार हा होकार नव्हे. मी मान डोलावत होतो. एकही गोष्ट मला नवी नव्हती.
मग मॅडमनी विचारलं, समोरचा गप्प राहिला तर काय समजायचं? कुणीच बोलेना. कार्यक्रम पडू नये म्हणून मी हात वर केला आणि स्वतःचं उदाहरण दिलं. म्हटलं, आमच्या मिसेस स्वभावाने लाजाळू, पण मी समजून घेतो. मनात हो आहे हे मला दिसतं.
मागून दामिनीचा आवाज आला.
"मी लाजत नाय. मी तीनदा नाय म्हणाले. आता सहा दिवस झाले, हे माझ्याशी बोलत नायत."
प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज एवढा मोठा असतो हे आज कळलं. भगीरथने हळूच खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली.
मॅडमनी दामिनीचे आभार मानले. माझे मानले नाहीत.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळ
दामिनी सातच्या बसने धसईला गेली. जाताना म्हणाली, भांडून जात नाही, पण थांबूही शकत नाही. मशीन नेली नाही. म्हणजे परत येणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार
तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि मशीन घेऊन गेला.

२६ फेब्रुवारी, बुधवार
महाशिवरात्र, सुट्टी. उपास. स्वयंपाक करायचा नाही हे एक बरं.
मागची पानं वाचली. १४ तारखेचं पान वाचलं. मग १८ तारखेचं. मग परत १४ तारखेचं.
वही मिटून ठेवली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
बाईजाआत्याचा फोन. मी म्हटलं, मी तिला बोटही लावलं नाही. आत्या म्हणाली, बोट लावलं नाय पण रोज लावायला निघालास ना रे? तिने किती दिवस दार धरून बसायचं?
फोन ठेवून स्टँडवर जाऊन धसईच्या बसची वेळ विचारून आलो.

१ मार्च, शनिवार. धसईहून परत आल्यावर
धसईला जाऊन आलो. बसमध्ये अकरा मुद्द्यांचं भाषण पाठ केलं होतं. दामिनी भावाच्या पडवीत मशीनवर बसली होती. मला बघून पाय थांबवले नाहीत. अकराच्या अकरा मुद्दे विसरलो.
म्हटलं, "तुझ्या पहिल्या नवऱ्यासारखाच वागलो मी. मला कळलंच नाही. परत येशील का? नाही म्हणालीस तरी चालेल."
चालणार नव्हतं. पण म्हटलं.
मशीन थांबली. ती म्हणाली, "तुमी हे पयल्यांदा इचारलं."
मग तिने सावकाश सांगितलं. येईन, पण नाय म्हटलं की तोंड फिरवायचं नाही. जेवण आणि बोलणं चालू राहिलं पाहिजे. बाकीचं तिचं तिला कधी वाटेल तेव्हा, आणि वाटलंच पाहिजे असंही नाही. मी कबूल झालो. नंतर तिने विचारलं, तुम्हाला काय नको असतं? हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. आठवून आठवून सांगितलं, चहात एवढी साखर नको. तीन आठवडे गोड पाक पीत होतो. ती म्हणाली, मग बोलायचं ना.

३ मार्च, सोमवार
आली. शाळेत रजा टाकून मी धसईला न्यायला गेलो होतो. सकाळी मशीन टेम्पोत घालून भावाबरोबर पाठवली आणि दुपारी आम्ही दोघं बसने आलो. बसमध्ये विचारलं, हात धरू का? म्हणाली, कंडक्टर बघतोय, घरी गेल्यावर विचारा. घरी गेल्यावर विचारलं. हो म्हणाली.
बारा मिनिटं. तिच्या उजव्या तर्जनीला सुईचे बारीक बारीक डाग आहेत. महिनाभर निरीक्षण करत होतो, हे दिसलं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार
विचारण्याचं तंत्र आता पूर्ण हातात आलं आहे. काल अकरा वेळा विचारलं. संध्याकाळी दामिनीने बसवून समजावलं. एकदा नाय म्हटलं की दर अर्ध्या तासाला तेच विचारणं म्हणजे पिच्छा पुरवणं, तोही जोरच झाला.
खरं तर हे मला सुचायला हवं होतं. संकल्प: विचारायचं, आणि उत्तर ऐकून घरात काहीतरी काम करायचं.

१० मार्च, सोमवार
घर फार स्वच्छ झालं आहे.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड
विचारलं, रंग लावू का? म्हणाली, गालाला लावा, डोळ्यात नको. गालाला लावला. मग तिने न विचारता माझ्या डोक्यावर बादली ओतली. मी तक्रार केली. ती म्हणाली चुकलं, आणि दुसरी बादली विचारून ओतली.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.४५
सकाळी भगीरथच्या शेतात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला गेलो होतो. शेतात पसरायला पातेऱ्याचे, वाळक्या पानांचे भारे न्यायचे होते. भगीरथ म्हणाला एक एक ने. बांधावर दामिनी उभी होती, म्हणून मी दोन दोन नेले. पाचव्या खेपेला कमरेत कट्ट वाजलं. भगीरथच्या मोटारसायकलवर आडवा पडून घरी आलो.
सात वाजता दामिनी अंघोळ करून आली. नवी साडी. पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आज मी इथं वर झोपले तर चालंल?"
पन्नास दिवस या वाक्याची वाट पाहिली. आणि मला नाही म्हणायचं होतं.
कंबर होतीच. पण फक्त कंबर नव्हती. आठ वर्षांत या पलंगावर दुसरं कुणी झोपलेलं नाही. एकदम भीती वाटली. आणि नाही म्हटलं तर तिला काय वाटेल, बोलायची बंद झाली तर, परत धसईला गेली तर? तोंडातून हो निघत होतं. हे असं असतं होय.
शेवटी म्हटलं, "आज नको. दुखतंय. आणि जरा घाबरलोय."
वाटलं, आता उठेल.
ती म्हणाली, "बरं." तोंड फिरवलं नाही. थोडा वेळ तशीच बसून राबाच्या धुराबद्दल काहीबाही बोलत राहिली. मग विचारलं, कमरेला बाम लावू का, का तेही नको? मी म्हटलं, ते चालेल.
तिचे हात शिवणकामाने कडक झाले आहेत. फार जोरात रगडते. जरा थांबून सांगितलं, हळू.
तिने हळू लावला.