शांताचं विमान बदललं

३ मार्च
सकाळी विमान कंपनीचा मेसेज. मुंबई-लंडन मार्गावर आता लहान विमान. ते एका दमात लंडनला जात नाही, म्हणे. मध्ये इस्तंबूलला उतरून दुसरं धरायचं. तारीखही ढकलली, सहाची सोळा. शांताच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून पाय लांब करता येतील अशी पुढची सीट घेतली होती. तीही गेली. आता मधली. डोकं फिरलं.

४ मार्च
लेकीचं, अनिचं पहिलं बाळंतपण. आमच्यात पहिलं माहेरी. ती तिकडे हॉस्पिटलात नोकरीला, रजा मिळेना, म्हणून माहेरच लंडनला निघालंय, डिंकाच्या लाडवांसकट. माझा व्हिसा नाकारला. शांता एकटी जाणार, म्हणून तर थेट विमान शोधलं होतं!
कंपनीला फोन केला. मुलगी गोड आवाजात म्हणते, थेट विमान पुढच्या महिन्यात मिळेल सर. अनिची तारीख या महिन्यातली. हे तिला दोनदा सांगितलं. ती पुन्हा 'सर'.

८ मार्च, रवि.
पुतण्या राजूने चौकात फ्लेक्स लावलाय. शांताचा फोटो, मागे भलंमोठं विमान, 'लंडन दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. चर्चमध्ये शाल, बुके, प्रार्थना सगळं गेल्या रविवारीच उरकलं. माणूस उंबऱ्यात असतानाच सत्कार करायची आमच्या देवळालीला भारी हौस. आज उपासनेनंतर जो तो विचारतोय, गेल्या न्हाईत व्हय अजून? शांता हसून उत्तरं देत होती. मी एकाला म्हणालो, विमान धुतल्यावर आटलं.

११ मार्च
ठरवलं, तिकीट रद्द. शांताला म्हणालो, इंग्रजी येत नाही, गुडघा असा, परक्या विमानतळावर चुकलीस तर? ती लाडू डब्यात भरत होती.
"इमान ल्हान केलं त्यांनी. बाळ थांबनार हाय का त्याच्यासाठी?"
आणि थोड्या वेळाने, "कंपनीवर काय चिडायचं ते चिडा. मला आडवू नका."
तिकीट रद्द करायचं राहू दिलं. भीती वाटते, एवढंच खरं. पण राग काढणं सोपं.

१६ मार्च
मुंबईला सोडून आलो. विमानतळाबाहेरच्या कंपनीच्या काउंटरवर पुढची सीट मागितली. फुल्ल आहे. तिथेच भांडलो, शेवटी शांतानेच हात दाबला. व्हीलचेअरवरून नेलं तिला. गळ्यात राजूने इंग्रजीत लिहून दिलेलं कार्ड. वळून बघितलं का, गर्दीत दिसलं नाही.

१७ मार्च
सकाळी इस्तंबूलहून तिचा मिस्ड कॉल. त्यानंतर मोबाईल बंद. राजू त्याच्या मोबाईलवर बघून सांगतो, पुढचं विमानही बदललंय, उशिरा आहे. शांताला ते कुणी समजेल असं सांगितलं का? कंपनीचा फोन नुसता वाजतोय. हरामखोर.
दुपारी अनिचा फोन. कळा सुरू झाल्या, तारखेच्या आधीच. "पप्पा, आई कुठंय?"
वाटेत आहे, म्हणालो.
कुठल्या वाटेत, ते मला एक जण सांगायला तयार नाही.