सात सदऱ्यांची बटणं

३ मार्च

चि. बाळीस,
अ. उ. आ.

कितीतरी वर्षांपूर्वी एका सकाळी मी चादरी पिळत होते. गिऱ्हाइकाने विचारलं, सात सदरे, प्रत्येकाला आठ बटणं, तर एकूण किती लागतील? तुझ्या बाबांनी शिवणयंत्र थांबवलं आणि पाटावर बटणांच्या ओळी मांडायला घेतल्या. उन्हात शिंपल्याची बटणं पाण्यासारखी लकाकत होती. मी गिऱ्हाइकासमोर हसून म्हटलं, यांना पाढेच येत नाहीत हो. ते सुई ओवायला लागले.

तुझ्या चिमणीला पाढे येत नाहीत म्हणून शाळेतल्या बाई तिला खालच्या वर्गात बसवणार, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि ती सकाळ पुन्हा समोर आली. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात लिहिलंय, की शब्दांतले आवाज ज्या मुलांना सुटे करून धरून ठेवता येत नाहीत, त्यांचे पाढेही पुष्कळदा निसटतात. पाढा आपण आवाजानेच साठवतो ना. मोजण्याची समज मात्र शाबूत असू शकते. तिला ‘कमळ’मधला ‘क’ काढून म्हणायला सांग. मग बटणं मोजायला दे. रागावू नकोस तिला.

लोभ आहे तो आहेच.
तुझी आई

९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

‘क’ काढ म्हटलं, तर चिमणी कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मग ‘मळ’ म्हणायचं सोडून म्हणाली, फूल बुडालं. मला हसू आलं आणि रडूही. पण बटणांच्या सात ओळी मांडल्या, तर माझ्याआधी छप्पन्न म्हणाली.

हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, शुक्रवारी तोंडी परीक्षा आहे, तिथे बटणं चालत नाहीत. आणि हे सांगितलं कोणी? आईने, म्हटलं. आई किती शिकल्यात, असं त्यांनी विचारलं. मी गप्प बसले, आई.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
बाळी

१२ मार्च, गुरुवार

चि. बाळीस,
अ. उ. आ.

गप्प बसलीस ते मनाला लावून घेऊ नकोस. मी तर तुझ्या बाबांना हसले होते. ते गेल्यापासून त्यांचा बटणांचा डबा रोज पुसते, उघडत नाही. उघडला की त्यांची बोटं दिसतात.

चिमणीला गोड पापा.
आई

ता. क. हे पत्र पेटीत टाकलंच नाही, तुझ्या उशाशी ठेवून जातेय. शुक्रवारी पहिल्या बसने आले ती थेट चिमणीच्या शाळेत गेले. बाईंना म्हटलं, “मी चौथी शिकले आहे. पाच मिनिटं द्या.” त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मी चिमणीला जवळ घेतलं आणि डबा उघडला.