सज्ज्यातील दासीचे डोके परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रक्षेपण अधिकारी,
जुने कार्यक्रम विभाग,
दूरचित्रवाणी केंद्र.

विषय : दुपारच्या ऐतिहासिक मालिकेत सज्ज्यात उभ्या असलेल्या दासीचा मानेवरील भाग पूर्ववत दाखविण्याबाबत.

संदर्भ : माझा पहिला अर्ज व त्यावरील "सदर दासी मूळ कादंबरीत नाही, सबब तक्रार निकाली" हे आपले उत्तर.

महोदय,

आपले उत्तर मिळाल्यावर मी ती कादंबरी पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचली. आपले म्हणणे खरे आहे, त्यात ती दासी नाही. ती माझी आई होती.

१. माझी दिवंगत आई आपल्याच केंद्राच्या कपडेपटात शिवणकाम करीत असे. चित्रीकरणाच्या दिवशी दासीचे काम करणारी बाई आली नाही आणि झगा नेमका आईच्या अंगाला बसला, म्हणून हातात दिवा देऊन तिला सज्ज्यात उभे करण्यात आले, आणि पुढे बऱ्याच भागांत तीच तिथे उभी राहिली. शेवटच्या भागात खाली दिवाणखान्यात धनी प्राण सोडतात, सारे घर हंबरडा फोडते, आणि वर माझी आई हसते. कारण तिला न्यायला आलेले माझे वडील कॅमेऱ्यामागे सेनापतीचा पिसांचा टोप घालून उभे होते. पुढचा दात तुटका असल्याने आई फोटोत कधी तोंड उघडत नसे. तिचे हसू एवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक आहे.

२. ते हसू त्या वेळी दिग्दर्शक साहेबांच्या नजरेतून सुटले. पण पुढे मालिका जेव्हा जेव्हा पुन्हा लागे, तेव्हा आईच्या जिवात जीव नसे. "आज कापतील बघा," म्हणायची, आणि दिसले की वडिलांना कोपराने ढोसायची. ती गेल्यापासून वडील मालिका एकटेच बघतात.

३. यंदा मात्र आतापर्यंतच्या भागांत सज्ज्यात झग्याची किनार आणि दोन पाय तेवढे दिसतात. वडिलांनी आधी चष्म्याला दोष दिला. मी चष्म्याच्या दुकानातच कामाला आहे. नंबर दोनदा तपासला, बरोबर आहे. शेवटी टीव्ही दुरुस्तीवाल्याने उलगडा केला, की जुने चौकोनी चित्र आजच्या रुंद पडद्यावर काठोकाठ बसावे म्हणून आपण ते वरून व खालून छाटता. पडदा रुंद केला कोणी आणि मान गेली कोणाची? हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे.

४. हे मी वडिलांना परोपरीने समजावले. त्यांना पटत नाही. "इतक्या वर्षांनी आलंच कुणाच्या तरी लक्षात. माझ्या माकडचेष्टेपायी तिला काढलं," असे म्हणून ते भरल्या ताटावरून उठतात. परवा ते टीव्हीसमोर जमिनीवर उताणे पडलेले दिसले. मी ओरडतच धावले. तर म्हणाले, "ओरडतेस काय? खालून बघितलं तर वरचं दिसेल." त्यांचे छातीचे दुखणे पाहता पुढच्या वेळेची वाट बघणे आता त्यांच्या हातात नाही. मला फार भीती वाटते आहे, साहेब.

५. शेवटचा भाग येत्या शुक्रवारी आहे. तरी कृपया चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. ते शोभत नसेल तर चित्र जरा खाली सरकवावे. धन्यांचा पलंग कापला जाईल, पण धनी तसेही जाणारच आहेत. तेही नियमात बसत नसेल तर केंद्रातील एखाद्या खोलीत जुनी फीत फक्त तेवढ्यापुरती लावावी. वडिलांना मी पाठुंगळी घेऊन येईन. आम्ही उभ्याने बघू, आवाज नसला तरी चालेल.

वडिलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले सोबत जोडते. नको म्हटले, पण ऐकेनात.

उत्तराची नव्हे, शुक्रवारची वाट बघणारी,
आपली नम्र,
(सही)
दासीची मुलगी

दिनांक : सोमवार, आजचा भाग सुरू होण्यापूर्वी

सोबत : वडिलांचा माफीनामा, जशाचा तसा —
"साहेब, टोप मी घातला होता. ती हसली यात तिचा दोष नाही. मला काय ती शिक्षा करा, पण तिला पुन्हा वर उभी करा."